हजेरीपटातल्या तिरक्या रेघा: कोल्हापुरातल्या एका संध्याकाळच्या वर्गाचं प्रकरण

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ पदवीचे वर्ग भरतात. पहिला तास अर्थशास्त्राचा, दुसरा संख्याशास्त्राचा. अर्थशास्त्र मी शिकवतो, संख्याशास्त्र माझ्या सहकारी मॅडम शिकवतात. वर्गात पन्नास-पंचावन्न जण, वय विशीपासून चाळिशीपर्यंत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले फाउंड्री आणि मशीन शॉपचे कामगार सर्वांत जास्त. त्यांच्याखेरीज शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवरचे दिवाणजी, एका गावच्या दूध संस्थेचे सचिव, पतसंस्थेची पिग्मी गोळा करणाऱ्या दोघी जणी, खासगी हॉस्पिटलात काम करणारी एक नर्स आणि लक्ष्मीपुरीतल्या दुकानांतले काही सेल्समन. बारावीनंतर दहा-पंधरा वर्षांचा खंड पडलेले बरेच. कुणाला सुपरवायझरच्या जागेसाठी पदवी हवी आहे, कुणाला स्पर्धा परीक्षेसाठी, तर कुणाला राहून गेलेलं शिक्षण पोराबाळांच्या देखत पुरं करायचं आहे.

या वर्गाचं संख्याशास्त्राचं एक सत्र कसं घसरलं, का घसरलं आणि पुढच्या सत्रात आम्ही काय बदललं, ते इथे सविस्तर मांडतो आहे. नोकरी करून शिकणाऱ्यांना शिकवणाऱ्या इतर शिक्षकांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे. महाविद्यालयाचं आणि विद्यार्थ्यांचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही.

चाचणीत काय दिसलं

सत्राच्या मध्यावर अंतर्गत चाचणी झाली. अर्थशास्त्रात वर्ग बरा होता. मागणी, पुरवठा, लवचिकता, स्थिर खर्च, बदलता खर्च. भाषा बोलीतली होती, पण मुद्दा पकडलेला होता. संख्याशास्त्रात निम्म्याहून जास्त जण प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीपासून किती फाकलेले आहेत ते मोजण्याच्या, प्रश्नाला अडखळले. कोरा पेपर कुणीच दिला नव्हता. सूत्र बहुतेकांनी अचूक लिहिलं होतं. पण कुणी सरासरीच चुकीची काढून पुढची सगळी पायरी-पायरी नीट केली होती, कुणी सरासरी बरोबर काढून विचलनांचा वर्ग करायचं सोडून दिलं होतं, कुणी वर्गमुळापर्यंत पोहोचून उत्तराचा अर्थ काय हे लिहू शकलं नव्हतं. एकाच प्रश्नात प्रत्येक जण वेगळ्या पायरीवर थांबला होता. मॅडमनी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं आणि पुढचं सगळं त्या एका निरीक्षणातून निघालं.

स्टाफरूममध्ये नेहमीची कारणं आली. शाळा सुटून वर्षं झाली, गणिताचा धसका आहे, दिवसभर राबून आलेल्या माणसाचं डोकं साडेसातनंतर चालत नाही. थकव्याचं कारण खरं आहे. नाईटला जाणारा माणूस दुसऱ्या तासाला डोळे ताणून बसलेला मी रोज बघतो. पण तोच थकलेला माणूस अर्थशास्त्रात बरा कसा, याचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं. आणि धसक्याची गोष्ट तर मला मुळीच पटत नव्हती, कारण ही माणसं दिवसभर आकड्यांतच असतात.

दूध संस्थेच्या सचिवांचंच बघा. एकदा मॅडमनी फळ्यावर गणित घातलं: सकाळी ६० लिटर म्हशीचं दूध, फॅट ६.२; संध्याकाळी ४० लिटर, फॅट ७.२. सगळं एकत्र केलं तर फॅट किती? पुढच्या बाकावरून दोघांनी ६.७ सांगितलं. सचिव मागून म्हणाले, ‘‘६.६ भरंल. सकाळचं दूध जास्त हाय न्हवं.’’ कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. साठ गुणिले ६.२ म्हणजे ३७२, चाळीस गुणिले ७.२ म्हणजे २८८, बेरीज ६६०, भागिले शंभर. हीच भारित सरासरी. ती शिकायला पुस्तकात अख्खं प्रकरण लागतं आणि हे गृहस्थ ती रोज पहाटे संकलन केंद्रावर उभ्या उभ्या काढतात. चाचणीत मात्र याच सचिवांना सरासरीवर पैकीच्या पैकी आणि प्रमाण विचलनावर शून्य होतं. गणिताचा धसका असता तर तो प्रश्न बघून आला-गेला नसता.

हजेरीपट

मग आम्ही हजेरी काढून बघितली. तिथेही वावगं काही दिसेना. कारखान्यातल्या कामगारांची हजेरी दर आठवड्याला जवळपास दोन तृतीयांश. पहिल्या आठवड्यात तेवढीच, पाचव्यात तेवढीच, आठव्यातही तेवढीच. संध्याकाळच्या वर्गांचा ज्यांना अनुभव आहे ते सांगतील, अशी स्थिर हजेरी म्हणजे वर्ग चांगला चाललाय असंच कुणीही म्हणेल. सहसा सत्र जसं पुढे सरकतं तशी बाकं रिकामी होत जातात.

फाउंड्रीत इन्स्पेक्शनला असणारा एक विद्यार्थी तेव्हा टेबलापाशी उभा होता. तो म्हणाला, ‘‘सर, हजेरी बघतायसा खरं, शिफ्ट कुठं लिहिलीय त्यात?’’

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हजेरीपटाची झेरॉक्स काढली, कामगार विद्यार्थ्यांच्या ओळी कात्रीनं वेगळ्या केल्या आणि बाकावर पसरल्या. प्रत्येकाला आपापली ओळ शोधून सेकंड शिफ्टचे आठवडे लाल स्केचपेननं रंगवायला सांगितलं. रोल नंबरच्या क्रमानं ठेवल्या तेव्हा नुसतेच विखुरलेले लाल ठिपके दिसत होते. मग त्याच पोरांनी ओळी उचलून शिफ्टच्या गटाप्रमाणे लावल्या. एका गटाचे सगळे एकाखाली एक, त्याखाली दुसरा गट, त्याखाली तिसरा. आणि कागदावर तिरक्या लाल रेघा उमटल्या. पहिला गट पहिल्या, चौथ्या, सातव्या आठवड्यात लाल. दुसरा गट दुसऱ्या, पाचव्या, आठव्यात. तिसरा गट तिसऱ्या, सहाव्या, नवव्यात. नर्सबाईंची ओळ वेगळीच होती, तिच्यात कसलाच नेम नव्हता. त्यांच्या ड्युट्या महिन्यागणिक बदलतात.

कारखान्यात काम केलेल्याला हे सांगायला नको, पण शिक्षकांसाठी सांगतो. फर्स्ट शिफ्ट सकाळी सात ते दुपारी तीन, सेकंड तीन ते रात्री अकरा, नाईट अकरा ते सकाळी सात. पाळी दर आठवड्याला बदलते. फर्स्टवाला संध्याकाळी वर्गात येऊ शकतो, नाईटवालाही येऊन मग कामावर जाऊ शकतो, सेकंडवाला कोणत्याही परिस्थितीत येऊ शकत नाही. म्हणजे दर तीन आठवड्यांतला एक आठवडा पूर्ण बुडणार. आणि कोणत्याही आठवड्यात एक तृतीयांश कामगार सेकंडला असल्यामुळे वर्गाची एकूण हजेरी कायम सारखीच दिसणार. हजेरीचा आकडा स्थिर राहिला तो याच कारणानं. आकडा तोच होता, माणसं मात्र दर आठवड्याला बदलत होती.

आता संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम याच्या शेजारी ठेवा. पहिला आठवडा सामग्रीचं वर्गीकरण आणि तक्ते. दुसरा सरासरी. तिसरा मध्यक, बहुलक. चौथा विस्तार आणि सरासरी विचलन. पाचवा प्रमाण विचलन. सहावा विचलन गुणांक. सातवा सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात ते. ही साखळी आहे. सरासरीशिवाय विचलन नाही, विचलनाशिवाय प्रमाण विचलन नाही, त्याच्याशिवाय सहसंबंध गुणांकाचं सूत्र म्हणजे नुसती चिन्हं. तिसरा आठवडा संपेपर्यंत प्रत्येक शिफ्ट गटाची एक कडी गळालेली होती, आणि प्रत्येकाची वेगळी. चौथ्या आठवड्यापासून कामगारांतल्या एकाही माणसाकडे साखळी अखंड नव्हती. पेपरात प्रत्येक जण वेगळ्या पायरीवर का थांबला, त्याचं उत्तर हेच होतं. सचिव शिफ्टचे नव्हते, पण गावातल्या यात्रेमुळे आणि संस्थेच्या ऑडिटमुळे त्यांचा नेमका पाचवा आठवडा गेला होता.

अर्थशास्त्र का वाचलं, तेही यातून कळलं. एखाद्यानं उत्पादन खर्चाचा आठवडा चुकवला तरी पुढच्या आठवड्यात बाजाराचे प्रकार त्याला बऱ्यापैकी समजतात. प्रकरणं एकमेकांशी जोडलेली असतात, पण एकमेकांच्या खांद्यावर उभी नसतात. शिक्षक म्हणून माझं कौशल्य त्यात काही नव्हतं, विषयाची रचनाच तशी आहे.

चुकीच्या निष्कर्षाच्या किती जवळ

यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या गटाचे, म्हणजे दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात सेकंडला असणाऱ्यांचे गुण सर्वांत कमी होते. साहजिकच होतं, सरासरी आणि प्रमाण विचलन, साखळीतल्या दोन सर्वांत जड कड्या त्यांच्याच गळाल्या होत्या. पहिल्या गटाचा पहिला आठवडा बुडाला, त्यात तक्तेच होते, त्यामुळे तो गट तुलनेनं तरला. पण या दुसऱ्या गटातले बहुतेक जण एकाच कारखान्याच्या एकाच विभागातले. मित्रामित्रांनी मिळून प्रवेश घेतलेला, एकाच गाडीवरून डबलसीट येणारे, मागच्या बाकांवर एकत्र बसणारे. वरवर बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच: ही मागची टोळी अभ्यास करत नाही.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसांसमोर ही उत्तम केस होती. बाक, मैत्री, कारखाना आणि कमी गुण हे सगळं एकत्र दिसत होतं, आणि या सगळ्यांच्या मागे पाळीपत्रक होतं. पाळीपत्रक न बघता नुसता बाक आणि गुण यांचा सहसंबंध काढला असता तर तो भक्कम आला असता. मॅडमनी पुढे सहसंबंध शिकवताना हाच कागद परत वर्गात आणला. ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे’ हे वाक्य पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. इथे मागच्या बाकावरच्या पाच-सहा जणांना ते आपल्याच बाबतीत खरं होताना दिसलं. त्या दिवशी वर्गात जी चर्चा झाली तशी मी क्वचितच ऐकली आहे.

मी माझ्या तासाला त्याला जोडून दांडेकर आणि सुखात्मे यांचा वाद घेतला. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर साताऱ्याचे, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. म्हणजे आपल्याच मुलखातली दोन मोठी माणसं. दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये गरिबीचा जो अभ्यास मांडला, त्यात माणशी रोज २,२५० उष्मांक हा निकष धरला होता. तेवढे उष्मांक ज्या खर्चात मिळतात त्याच्या खाली राहणारा तो गरीब. सुखात्म्यांचं म्हणणं असं की उष्मांकांची गरज माणसामाणसाची वेगळी असते, एकाच माणसाचीही काळानुसार बदलते. म्हणून सरासरी गरजेखाली असलेला प्रत्येक जण कुपोषित धरता येत नाही. आम्ही त्या वादाचा निवाडा केला नाही. पण सरासरीच्या एका रेघेखाली कोण आहे, का आहे आणि कायम तिथेच असतो का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, हे वर्गाला हजेरीपटामुळे आधीच ठाऊक झालं होतं. एरवी हा वाद समजावून सांगायला मला दोन तास लागतात.

पंच्याहत्तर टक्के

रेघा दिसल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती अन्यायाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय, एका श्रेयांकाला १५ तास, म्हणजे ६० तास. १५ आठवडे, आठवड्याला चार तास. तीन पाळ्यांत फिरणारा कामगार यातले पाच आठवडे येऊच शकत नाही. बाकीच्या दहा आठवड्यांत त्यानं एकही तास चुकवला नाही, ताप असताना आला, पावसात भिजत आला, तरी त्याचे तास होतात ४०. साठांपैकी चाळीस म्हणजे ६६.६७ टक्के. हजेरीची अट ७५ टक्क्यांची. म्हणजे शक्य तेवढं सगळं करणारा विद्यार्थीसुद्धा अटीत बसत नाही. आजवर अशांची नावं कमी हजेरीच्या यादीत लागत, ते अर्ज लिहीत, कारण म्हणून ‘कामामुळे’ असं मोघम लिहीत आणि मान खाली घालून सही घ्यायला येत. वर्षभरात न चुकलेला माणूस माफी मागत होता.

लागणारे तास ४५, असलेले ४०. कमी पडतात ते फक्त पाच. सेकंडच्या प्रत्येक आठवड्यामागे एक तास मिळाला तरी अट पुरी होते. हे गणित फळ्यावर मांडल्यावर पुढचं सोपं झालं. आधी रविवारच्या जादा तासाची सूचना आली होती, पण कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी कुणाची रविवारी, कुणाची सोमवारी, आणि दुकानवाल्यांची आणखी वेगळी. उत्तर त्या इन्स्पेक्शनवाल्यानंच दिलं. सेकंडवाला संध्याकाळी अडकलेला असतो, पण दुपारी तीनपर्यंत मोकळा असतो. रात्री बाराला घरी पोहोचून झोपतो, सकाळी उशिरा उठतो, आणि त्या वेळेला महाविद्यालयाची इमारत उघडी असते, दिवसाच्या वर्गांसाठी शिक्षकही तिथेच असतात. म्हणून बुधवारी अकराचा तास ठरला. त्या आठवड्याला जो गट सेकंडला तो बुधवारी अकराला येणार, चार तासांचा गाभा एका तासात घेणार, दोन गणितं सोडवून डबा घेऊन कामावर जाणार. प्राचार्यांनी तो बदली तास म्हणून नोंदवायला परवानगी दिली. कंपनीचं पाळीपत्रक जोडायचं, एवढीच अट घातली.

कोल्हापूरला ही गोष्ट नवी वाटू नये. १९०१ मध्ये इथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयानं एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली, ती याच जाणिवेतून. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला-जेवायला जागा मिळाली की तो शिकतो, हे महाराजांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ओळखलं होतं. बुधवारचा अकराचा तास त्यापुढे फार लहान गोष्ट आहे, पण जातकुळी तीच.

पुढच्या सत्राची मांडणी

हजेरीचा प्रश्न मिटला तरी साखळीचा राहतोच. एका तासात चार तासांची भरपाई होत नाही. त्यावर मॅडमनी जो तोडगा काढला तो मला आजही सुरेख वाटतो: अभ्यासक्रमातला प्रत्येक विषय सलग दोन आठवडे. पाळ्यांचं चक्र तीन आठवड्यांचं आहे, म्हणून लागोपाठच्या कोणत्याही दोन आठवड्यांत एका माणसाचा जास्तीत जास्त एकच आठवडा बुडू शकतो. १५ आठवड्यांत सात जोड्या आणि शेवटचा आठवडा उजळणीला. कागदावर तपासून बघितलं: पहिल्या दोन गटांना प्रत्येक विषय किमान एकदा मिळतो आणि दोन विषय पुरे मिळतात, तिसऱ्या गटाला तीन विषय पुरे मिळतात, पण उजळणीचा आठवडा हुकतो. साखळी कुणाचीच तुटत नाही.

अडचण अशी की दुकानवाले, दिवाणजी, पिग्मीवाल्या बायका हे दोन्ही आठवडे येणार. त्यांना तेच ते दोनदा कशाला? म्हणून दोन्ही आठवड्यांत संकल्पना एकच ठेवली, पण धंदा बदलला. प्रमाण विचलनाचा पहिला आठवडा गुळावर, दुसरा कास्टिंगवर. गुळाच्या आठवड्यात दिवाणजींनी एका दिवसाच्या सौद्यातले वेगवेगळ्या प्रतींच्या रव्यांचे (गुळाच्या ढेपांचे) दर आणून दिले. सरासरी दर दोन दिवस तोच असला तरी एका दिवशी दर जवळजवळ असतात आणि दुसऱ्या दिवशी फाकलेले, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. त्या फाकण्याला आकडा कसा लावायचा, ते वर्गानं केलं.

कास्टिंगचा आठवडा जास्त रंगला. रोज २०० नग तपासले जातात, सरासरी रिजेक्शन ५ टक्के, म्हणजे दहा नग, असं धरलं. एका दिवशी १६ नग गेले. सुपरवायझर बोलणार का? वर्गातले कामगार एका आवाजात म्हणाले, बोलणार म्हणजे काय, आई-बाप काढणार. मग मॅडमनी हिशोब मांडला. नगांच्या संख्येचं प्रमाण विचलन काढायला २०० गुणिले ०.०५ गुणिले ०.९५, म्हणजे ९.५, त्याचं वर्गमूळ ३.०८. त्याची तिप्पट ९.२. दहात मिळवली की वरची मर्यादा १९.२. म्हणजे भट्टीत, सँडमध्ये, कोअरमध्ये काहीही न बिघडता एखाद्या दिवशी सोळा नग जाऊ शकतात. वीस गेले तर मात्र थांबून कारण शोधायला हवं, ओतकामातला कोणता दोष आहे, ब्लो होल का कोल्ड शट, हे बघायला हवं. वॉल्टर श्युहार्टनं १९२४ मध्ये अमेरिकेतल्या बेल टेलिफोन समूहाच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना अशा मर्यादा आखणारा नियंत्रण आलेख मांडला. कारखान्यातला प्रश्न, कारखान्यासाठीच शोधलेलं उत्तर. आमच्या काही विद्यार्थ्यांच्या कंपनीत असे आलेख भिंतीवर लावलेले आहेत. ते रोज त्यावर ठिपके मांडत होते, वरची लाल रेघ कुठून येते ते पहिल्यांदा कळलं.

या आठवड्यात मागच्या बाकावरचा एक जण उठून फळ्यापाशी गेला आणि ५ टक्क्यांऐवजी २ टक्के घेऊन मर्यादा काढून दाखवली. खालची मर्यादा ऋण आली तेव्हा तो जरा थबकला, मग स्वतःच म्हणाला, शून्याच्या खाली रिजेक्शन कुठलं असणार, शून्यच धरायचं. चिन्हांचं सूत्र आणि त्याचा अर्थ एकाच माणसाच्या हातात आला की असं होतं.

समाश्रयणासाठी, म्हणजे विखुरलेल्या बिंदूंमधून सरळ रेषा शोधायला शिकवण्यासाठी, मी अर्थशास्त्राच्या बाजूनं उसाची एफआरपी, म्हणजे साखर कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, दिली. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३४० रुपये ठरवले होते आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. उतारा १२ टक्के असेल तर १.७५ टक्के जास्त, म्हणजे साडेसतरा वेळा ३.३२, म्हणजे ५८ रुपये १० पैसे. एकूण ३९८ रुपये १० पैसे क्विंटल, टनाला ३,९८१. त्यातून तोडणी-ओढणी वजा. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हा हिशोब तोंडपाठ होता. तीच सरळ रेषा आहे, ३.३२ हा तिचा उतार आहे, हे सांगितल्यावर आलेखकागदावर रेषा काढायला कुणाला अडचण आली नाही. फरक एवढाच की एफआरपीची रेषा सरकारनं आखून दिलेली आहे, सगळे बिंदू तिच्यावरच पडतात. समाश्रयणात बिंदू विखुरलेले असतात आणि रेषा आपल्याला शोधावी लागते. हा फरक नीट सांगितला नाही तर घोटाळा होतो, म्हणून त्यावर मुद्दाम वेळ दिला.

दुसरा बदल वेळेचा. पन्हाळा आणि राधानगरी भागातून येणारे काही जण शेवटची गाडी गाठायला आठलाच उठतात. संख्याशास्त्र कायम दुसऱ्या तासाला असल्यामुळे बुडायचं ते नेहमी त्याचंच. आम्ही दिवसाआड तासांची अदलाबदल केली. यात विशेष काही नाही. पण नुकसान दोन विषयांत वाटलं गेलं आणि अर्थशास्त्राला ते सोसतं.

काय सोडावं लागलं

दोन आठवड्यांच्या जोडीची किंमत आहे. कालश्रेणीचा, म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचा, विषय आटोपता घ्यावा लागला. भाववाढ मोजणाऱ्या निर्देशांकांत लास्पेयर, पाशे आणि फिशर यांची तिन्ही सूत्रं पूर्वी सविस्तर होत. आता लास्पेयर नीट आणि उरलेली दोन एकेका उदाहरणावर. मॅडमना हे फार पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, परीक्षेत फिशर विचारला की पोरं उघडी पडतील. मला वाटतं, भार म्हणजे काय, एकूण खर्चात एखाद्या गोष्टीचा वाटा किती, हे पक्कं कळलेला विद्यार्थी फिशरपर्यंत स्वतः पोहोचतो. २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न आणि पेयांचा भार ग्रामीण भागासाठी ५४.१८ आणि शहरी भागासाठी ३६.२९ होता, एवढे दोन आकडे शेजारी ठेवले की भाजी महागली तर शहरापेक्षा खेड्याचा निर्देशांक जास्त का हलतो, हे न सांगता समजतं. आमचा हा मतभेद कायम आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे.

निकालाचा टक्का मी इथे देत नाही. दोन सत्रांचे विद्यार्थी वेगळे, पेपर वेगळा, परीक्षक वेगळे. ते आकडे शेजारी ठेवून वाढ दाखवणं म्हणजे जे वर्षभर शिकवलं त्याच्या उलट वागणं. पेपरांत दिसलं ते सांगतो. प्रमाण विचलनाच्या प्रश्नात सगळे आता साधारण एकाच ठिकाणी चुकतात, वर्गांतराच्या मध्यबिंदूपाशी. वेगवेगळ्या पायऱ्यांवर विखुरलेली चूक एका जागी आली की शिकवणाऱ्याला ती दुरुस्त करता येते.

ही मांडणी तीन पाळ्यांसाठी बेतलेली आहे आणि दर आठवड्याला फिरणाऱ्या दोन पाळ्यांनाही ती चालते, कारण तिथे एकाआड एक आठवडा बुडतो आणि जोडीतला दुसरा हाती लागतो. पण हजेरीच्या अटीत तो कामगार बसत नाही. त्याचे तास निम्मेच भरतात, आणि बुधवारचा एक तास त्याला पुरत नाही. लहान युनिटमध्ये सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी बारा तासांची ड्युटी करणारे आठ-दहा जण आहेत. त्यांना साडेसहाचा पहिला तास कधीच मिळत नाही, ते हातपाय धुऊन साडेसातला पोहोचतात. त्यांच्यासाठी वर्ग साडेसातला सुरू केला तर गावाकडच्या गाड्या चुकतात. वर्गातच त्यावर दोनदा चर्चा झाली, दोन्ही बाजू हिरिरीनं बोलल्या आणि एकमत झालं नाही. सध्या बारा तासवाल्यांसाठी शनिवारी साडेसातपासून संख्याशास्त्राचा वेगळा तास घेतो आहोत. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यात कामाला लागलेले आणखी काही जण त्यात येतील, आणि त्यांचं पाळीपत्रक हातात पडेपर्यंत शनिवारच्या तासाचा अभ्यासक्रम आम्ही पक्का केलेला नाही.